प्रिन्सटनची अध्यक्षांची रांग, नासॉ हॉल आणि पिवळं घर: अर्ध्या दिवसाच्या फेरीचा रिव्ह्यू

थोडक्यात आधी: प्रवेश फुकट, चाल साधारण साडेतीन-चार किलोमीटर, वेळ साडेतीन तास. पाचपैकी चार. एक गुण का कापला ते पुढे येईलच.

एडिसन, प्लेन्सबरो, वेस्ट विंडसर या पट्ट्यातल्या मराठी घरांमध्ये भारतातून पाहुणे आले की प्रिन्सटनची फेरी ठरलेली असते. फाटक, वाघांचे पुतळे, चॅपल, आइन्स्टाइनचं घर बाहेरून, आइस्क्रीम, की परत. त्यात वाईट काही नाही. पण अमेरिकेतलं सुरुवातीचं कॉलेज नेमकं चालत कसं होतं आणि ते चालवणाऱ्या माणसाचं काय होत होतं, हे दाखवणारी तीन-चार ठिकाणं इथे चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. बहुतेक जण ती चुकवतात किंवा उलट्या क्रमाने बघतात. हा रिव्ह्यू त्या ठिकाणांचा आहे, आणि त्यांना बांधणारा धागा म्हणजे या कॉलेजचे, म्हणजे आजच्या प्रिन्सटन विद्यापीठाचे, सहावे अध्यक्ष जॉन विदरस्पून.

क्रमाचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. नासॉ हॉलपासून सुरुवात केली तर हाती एक देखणी इमारत लागते आणि बाकी सगळं 'आणखी एक जुनी जागा' होऊन जातं. म्हणून आधी स्मशानभूमी, मग नासॉ हॉल, मग अध्यक्षांचं पिवळं घर, शेवटी पुतळा. या क्रमाने गेलं की प्रत्येक जागा आधीच्या जागेने उभा केलेला प्रश्न पुढे नेते.

पोचायचं कसं? न्यू जर्सी ट्रान्झिटच्या नॉर्थईस्ट कॉरिडॉर गाडीने प्रिन्सटन जंक्शनला उतरायचं आणि तिथून छोटी 'डिंकी' पकडायची. जंक्शन ते गाव हे अंतर जेमतेम सव्वाचार किलोमीटर, पाच मिनिटांचा प्रवास. तिकीट काढताना 'प्रिन्सटन' आणि 'प्रिन्सटन जंक्शन' ही दोन वेगळी स्टेशनं आहेत हे लक्षात ठेवा. जंक्शनचंच तिकीट काढलं तर डिंकीसाठी वेगळे पैसे पडतात. शनिवार-रविवारी मोठी गाडी उशिरा आली तर डिंकी निघून जाते आणि पुढच्या फेरीची वाट बघावी लागते, तेव्हा वेळापत्रक जोडीने बघा. स्टेशनपासून स्मशानभूमीपर्यंत चढाची वाट आहे, वीस-पंचवीस मिनिटं धरा. गाडी घेऊन येणाऱ्यांना स्प्रिंग स्ट्रीटवरचं नगरपालिकेचं पार्किंग सोयीचं, तिथून स्मशानभूमी पाच-सात मिनिटांवर. वाटेत विदरस्पून स्ट्रीटवरच सार्वजनिक वाचनालय आहे. स्वच्छतागृहाचं काम तिथेच उरकून घ्या, पुढे दोन तास सोय शोधत बसावं लागत नाही. आणि हो, रस्त्याचं नाव नीट वाचा, ज्याच्यासाठी आलात त्याचंच आहे.

स्मशानभूमी

प्रिन्सटन सेमेटरीची सुरुवात 1757 ची. ती नासॉ प्रेस्बिटेरियन चर्चच्या ताब्यात आहे. मुख्य फाटक ग्रीनव्ह्यू अॅव्हेन्यूच्या बाजूला. गावातून येणारे विदरस्पून स्ट्रीटने सरळ येतात आणि कुंपणाशी थबकतात, म्हणून हे आधीच सांगून ठेवलं. आवार मोठं आहे आणि प्रसिद्ध नावं विखुरलेली: राष्ट्राध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलँड, गणिती योहान फॉन नॉयमन, तर्कशास्त्री कुर्ट गोडेल. आइन्स्टाइन इथे शोधू नका, त्याचं दहन झालं होतं. नकाशा हाताशी ठेवा, नाहीतर तासभर नुसतं फिरण्यात जातो. आपल्याला हवा आहे तो जुना भाग, विदरस्पून आणि विगिन्स या दोन रस्त्यांच्या कोपऱ्याकडचा. तिथे एका ओळीत आडव्या, चौथऱ्यासारख्या उंच केलेल्या समाध्या दिसतात. हीच 'प्रेसिडेंट्स रो', अध्यक्षांची रांग.

इथे उभं राहून फक्त मृत्यूची वर्षं वाचा. बाकी मजकूर लॅटिन आहे, तो राहू द्या.

कॉलेजला सनद मिळाली 22 ऑक्टोबर 1746 ला. तेव्हा त्याचं नाव कॉलेज ऑफ न्यू जर्सी. पहिले अध्यक्ष जोनाथन डिकिन्सन. मे 1747 मध्ये एलिझाबेथटाउनला त्यांच्या राहत्या घरात वर्ग सुरू झाले आणि ऑक्टोबरात ते वारले. त्यांची समाधी या रांगेत नाही, ती एलिझाबेथलाच आहे. दुसरे ॲरन बर. वय तिशीच्या सुरुवातीचं. पहिली तीन वर्षं बिनपगारी. नेवार्कला चर्च सांभाळत कॉलेज चालवलं, नासॉ हॉल बांधून घेतला, 1756 च्या अखेरीस विद्यार्थी प्रिन्सटनला आणले. पुढच्याच वर्षी कॉलेजचा मोठा आधार असलेले न्यू जर्सीचे गव्हर्नर बेल्चर वारले. बर तापाने फणफणलेले असतानाच त्यांच्या अंत्यविधीचं प्रवचन द्यायला गेले आणि 24 सप्टेंबर 1757 ला वारले. वय एक्केचाळीस. रांगेतली पहिली समाधी त्यांची.

विश्वस्तांनी पाच दिवसांत त्यांचे सासरे जोनाथन एडवर्ड्‌स यांची निवड केली. हे त्या काळचे अमेरिकेतले सगळ्यात मोठे धर्मचिंतक. त्यांनी विश्वस्तांना लिहिलेलं पत्र आजच्या कुठल्याही उमेदवाराने वाचावं असं आहे. आपली प्रकृती नाजूक आहे, बीजगणित आणि वरचं गणित कच्चं आहे, ग्रीक अभिजात ग्रंथांचं वाचन अपुरं आहे, आणि हाती घेतलेलं लेखन अर्धं पडलं आहे, असं त्यांनी सरळ कळवलं. तरी शेवटी आले. 16 फेब्रुवारी 1758 ला पदभार, 23 फेब्रुवारीला देवी टोचून घेतल्या, 22 मार्चला मृत्यू.

इथे एक गैरसमज होतो. 'लसीने गेले' असं सर्रास सांगितलं जातं. ती आपण ओळखतो ती लस नव्हती. जेन्नरने गायीच्या देवी वापरल्या त्या 1796 मध्ये, म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षांनी. एडवर्ड्‌सना जो टोचला तो खऱ्या देवीच्या फोडातला पू, म्हणजे मुद्दाम दिलेला खरा रोग. त्वचेतून दिलेला रोग बहुधा सौम्य निघे, म्हणून धोका पत्करला जाई, आणि त्या हिवाळ्यात आसपास देवीची साथही होती. एडवर्ड्‌सच्या बाबतीत फोड घशात आणि तोंडात उठले. पाणी गिळता येईना, औषध गिळता येईना, आणि मागून चढलेल्या तापाला उतार देता आला नाही. सुमारे पंधरा दिवसांत त्यांची मुलगी एस्तर, म्हणजे बर यांची विधवा, गेली. त्याच वर्षी ऑक्टोबरात पत्नी सारा.

चौथे सॅम्युअल डेव्हिस. नासॉ हॉलसाठी इंग्लंड-स्कॉटलंडात वर्गणी गोळा करून आलेले गाजलेले वक्ते. त्यांची कारकीर्द दीड वर्षाची. जबर सर्दीवर रक्त काढण्याचा तेव्हाचा उपाय केला आणि फेब्रुवारी 1761 मध्ये ते गेले, वय सदतीस. पाचवे सॅम्युअल फिन्ली 1766 मध्ये फिलाडेल्फियाला उपचारासाठी गेले आणि तिथेच वारले, त्यांना तिथेच पुरलं.

वीस वर्षांत पाच अध्यक्ष, पाचही पदावर असताना गेले. हे नुसतं दुर्दैव नव्हतं, कामाची रचनाच तशी होती. अध्यक्ष म्हणजे वरच्या वर्गाचा मुख्य शिक्षक, रोजच्या प्रार्थनेचा आणि रविवारच्या प्रवचनाचा पाद्री, शिस्तीचा शेवटचा न्यायाधीश आणि घोड्यावर बसून वर्गणीसाठी वसाहती पालथ्या घालणारा माणूस. हाताखाली दोन-तीन तरुण ट्यूटर, तेही नुकतेच पदवी घेतलेले. तिजोरीत कायमचा निधी नाममात्र. म्हणून मग या रांगेत पुढे सरकून विदरस्पूनच्या समाधीवरचं साल वाचलं की पाय थबकतात: 1794. म्हणजे सव्वीस वर्षं.

समाध्या वाचण्याबद्दल दोन व्यावहारिक गोष्टी. आडवा दगड पावसाचं पाणी धरून ठेवतो, आणि संगमरवर आम्लयुक्त पाण्याने विरघळतो, त्यामुळे उभ्या दगडांपेक्षा आडव्यांवरची अक्षरं जास्त झिजतात. दुपारी बाराच्या उन्हात अक्षरं दिसतच नाहीत. सकाळी नऊच्या आत किंवा दिवस कलताना तिरप्या उजेडात जा. ढगाळ दिवशी मोबाइलचा टॉर्च दगडाला जवळजवळ समांतर धरला की अक्षराच्या कडेला सावली पडते. खडू घासणं, शेव्हिंग फोम लावणं, कागद ठेवून पेन्सिलीने ठसा घेणं, हे काहीही करू नका. दोनशे वर्षांचा दगड तेवढ्यानेही झडतो. बर्फ पडल्यावर तर जाऊच नका, आडव्या समाध्या पूर्ण झाकल्या जातात.

बर यांच्या पायथ्याशी त्यांच्या मुलाचा उभा दगड आहे. हाच तो धाकटा ॲरन बर, ज्याने अमेरिकेचा पहिला अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन याला द्वंद्वात मारलं. हल्ली बरेच लोक फक्त तेवढ्यासाठी येतात. तोही विदरस्पूनचा विद्यार्थी, 1772 चा पदवीधर.

नासॉ हॉल

स्मशानभूमीपासून विदरस्पून स्ट्रीटने खाली आलं की रस्ता थेट फिट्झरँडॉल्फ फाटकासमोर संपतो. समोर नासॉ हॉल. मूळ इमारत 1754 ते 1756 मधली, आराखडा फिलाडेल्फियाच्या रॉबर्ट स्मिथचा. लांबी 176 फूट, भिंतींची जाडी सव्वादोन फुटांच्या आसपास, दगड जवळपासचाच वालुकाश्म. गव्हर्नर बेल्चरचं नाव द्यायचं ठरलं होतं. त्यांनी नम्रपणे नाकारून राजा तिसरा विल्यम याच्या नासॉ घराण्याचं सुचवलं. नाहीतर आज सगळे 'बेल्चर हॉल'समोर फोटो काढत असते.

एकाच इमारतीत सगळं होतं: राहण्याच्या खोल्या, वर्ग, प्रार्थनागृह, ग्रंथालय, तळघरात स्वयंपाक आणि जेवण. पहाटे पाचला घंटा. दिडशेच्या आसपास मुलं राहतील अशी बांधणी. आता मात्र जे दिसतं ते सगळं 1756 चं समजू नका. 1802 आणि 1855 अशा दोन मोठ्या आगी लागल्या. पहिलीनंतर लॅट्रोब आणि दुसरीनंतर नॉटमन या वास्तुविशारदांनी डागडुजी केली. दर्शनी दाराची गोल कमान आणि भारदस्त मनोरा नंतरचे. जुन्या आहेत त्या मुख्यतः बाहेरच्या भिंती. पायऱ्यांवरचे ब्राँझचे वाघ तर 1911 चे.

विदरस्पून इथे कसे आले हे नासॉ हॉलसमोरच्या हिरवळीवर बसून वाचण्यासारखं आहे. जन्म 1723, स्कॉटलंडमधलं गिफर्ड गाव. एडिंबरा विद्यापीठात शिक्षण, बीथ आणि मग पेझली इथे पाद्री. 1746 मध्ये जॅकोबाइट, म्हणजे पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याच्या समर्थकांच्या, बंडाच्या वेळी फॉल्कर्कची लढाई बघायला गेले आणि पकडले जाऊन डून किल्ल्यात कैदेत पडले. कॉलेजच्या विश्वस्तांनी 1766 च्या अखेरीस निवड केली, पण पत्नी एलिझाबेथ समुद्र ओलांडायला तयार नव्हती. प्रिन्सटनमधलेच विश्वस्त रिचर्ड स्टॉक्टन स्वतः पेझलीला जाऊन आले, तरी नकार. शेवटी एडिंबरात वैद्यकी शिकणारा कॉलेजचा माजी विद्यार्थी बेंजामिन रश याने जाऊन बाईंचं मन वळवलं. स्टॉक्टन, रश आणि विदरस्पून, या तिघांच्याही सह्या पुढे स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर आहेत. ऑगस्ट 1768 मध्ये कुटुंब प्रिन्सटनला पोचलं त्या रात्री मुलांनी नासॉ हॉलच्या प्रत्येक खिडकीत मेणबत्ती लावली होती. सामानात कॉलेजच्या ग्रंथालयासाठी सुमारे 300 पुस्तकं.

शिकवण्याची पद्धत त्यांनी बदलली. आधी ट्यूटर पाठ म्हणवून घेत. विदरस्पून व्याख्यान देत आणि मुद्द्यांवर प्रश्नोत्तरं घेत. नीतिशास्त्र, वक्तृत्व, इतिहास, धर्मशास्त्र त्यांच्याकडे, वर हवं त्याला फ्रेंचही. ते आले तेव्हा ट्यूटर मंडळींमध्ये बाह्य जग हे मनातल्या कल्पनांचंच आहे या बर्कलीच्या तत्त्वज्ञानाचं वेड होतं. विदरस्पूननी, बाहेरचं जग खरंच आहे असं मानणाऱ्या, स्कॉटिश 'कॉमन सेन्स' पंथाचा हिसका दाखवून ते घालवलं. 1771 मध्ये खगोलतज्ज्ञ डेव्हिड रिटनहाउसकडून ग्रहमालेचं यांत्रिक प्रतिरूप, ऑररी, कॉलेजसाठी मिळवलं. फिलाडेल्फियाचे लोक चिडले, कारण रिटनहाउस त्यांच्या बाजूचा. जेम्स मॅडिसनने दोन वर्षांत पदवी उरकली आणि नंतर काही महिने मागे राहून हिब्रू आणि नीतिशास्त्र विदरस्पूनकडेच केलं. तोच पुढे अमेरिकेचा चौथा राष्ट्राध्यक्ष.

आणखी एक गोष्ट इथेच सांगण्यासारखी. 'कॅम्पस' हा शब्द कॉलेजच्या आवारासाठी पहिल्यांदा 1774 च्या सुमारास प्रिन्सटनच्या पत्रव्यवहारात सापडतो आणि त्याचं श्रेय विदरस्पूनच्या लॅटिनला दिलं जातं. हार्वर्डवाले तेव्हाही 'यार्ड' म्हणत आणि आजही म्हणतात. मराठी वर्तमानपत्रात 'कॅम्पस इंटरव्ह्यू' छापून येतं त्याचं मूळ या समोरच्या हिरवळीत आहे. 'अमेरिकनिझम' हा शब्दही त्यांनीच 1781 मध्ये घडवला, अमेरिकेतल्या बिघडलेल्या इंग्रजीला नाव ठेवताना.

आता इमारतीला वळसा घालून मागच्या, म्हणजे दक्षिणेच्या बाजूला जा. नव्वद टक्के लोक जात नाहीत. पश्चिमेकडच्या भागात वरच्या मजल्याच्या खिडक्यांच्या आसपास भिंतीत एक गोल खळगा दिसतो. ती 3 जानेवारी 1777 च्या प्रिन्सटनच्या लढाईतल्या तोफगोळ्याची खूण. वेल तिथून मुद्दाम दूर ठेवतात, म्हणून ती जागा उघडी दिसते. त्या सकाळी इंग्रज सैनिक आत शिरून बसले होते आणि वॉशिंग्टनच्या तोफा बाहेरून चालल्या. एक गोळा प्रार्थनागृहात घुसून राजा दुसरा जॉर्ज याच्या चित्राचं डोकं उडवून गेला असं सांगतात. दोन्ही सैन्यांनी आळीपाळीने इमारत छावणी, इस्पितळ, तुरुंग म्हणून वापरली. बाकं आणि फरशा जळणात गेल्या, ग्रंथालय विखुरलं, ऑररी मोडली.

विदरस्पून तेव्हा काँग्रेसमध्ये, म्हणजे बंड करणाऱ्या वसाहतींच्या प्रतिनिधी सभेत. 17 मे 1776 ला त्यांनी पहिल्यांदा व्यासपीठावरून उघड राजकारण आणलं, आणि त्याच वर्षी जाहीरनाम्यावर सही केली. सही करणाऱ्यांत पाद्रीचं काम करत असलेले आणि कॉलेजचे अध्यक्ष असलेले ते एकटेच. शंभराहून जास्त समित्यांवर काम केलं. किंमतही मोजली: मुलगा जेम्स ऑक्टोबर 1777 मध्ये जर्मनटाउनच्या लढाईत मारला गेला. आणि कॉलेजची जी काही शिल्लक होती ती कागदी चलनाच्या घसरणीत विरघळली. 1783 मध्ये 30 जून ते 4 नोव्हेंबर काँग्रेस याच इमारतीत भरली, म्हणजे चार महिने प्रिन्सटन देशाची राजधानी होतं. पण मुलांच्या खोल्या धड राहण्यासारख्या नव्हत्या. त्याच सुमारास विदरस्पून वर्गणीसाठी पुन्हा ब्रिटनला गेले. ज्या देशाविरुद्ध नुकतंच युद्ध जिंकलं तिथेच पैसे मागायचे! खर्च वजा जाता हाती जवळजवळ काही लागलं नाही, आणि प्रवासातल्या दुखापतीने एका डोळ्याची दृष्टी गेली.

एक गुण कापला तो इथे. फॅकल्टी रूम, जिथे अध्यक्षांची तैलचित्रं ओळीने लावली आहेत, ती एरवी बघायला खुली नसते. आतल्या दालनात युद्धात गेलेल्या माजी विद्यार्थ्यांची भिंतीवर कोरलेली नावं मात्र दार उघडं असेल तेव्हा बघता येतात. चित्रांच्या आशेने जाऊ नका. विद्यार्थी गाइड घेऊन जातात त्या फुकट फेऱ्या प्रवेशेच्छूंना चांगल्या, पण त्यांचा भर आजच्या कॉलेज जीवनावर असतो. इतिहास हवा असेल तर ती फेरी टाळून स्वतः वाचून या, किंवा गावच्या इतिहास संस्थेची पायी फेरी घ्या, तिला तिकीट असतं.

पिवळं घर

नासॉ हॉलकडे तोंड करून उभं राहिलं तर उजव्या हाताला, रस्त्यालगत, पिवळ्या रंगाचं विटांचं घर. आजचं नाव मॅक्लेन हाउस. तेही 1756 चं, तेही रॉबर्ट स्मिथचं, आणि 1878 पर्यंत कॉलेजचे अध्यक्ष इथेच राहत. आता इथे माजी विद्यार्थी संघाची कचेरी आहे, म्हणून आत जायचा हट्ट धरू नका. बाहेरून बघण्यासारखं पुष्कळ आहे.

समोर दोन प्रचंड सिकमोर वृक्ष, 1766 मध्ये लावलेले. इंग्रजांनी वसाहतींवर कर लादणारा स्टँप कायदा रद्द केल्याच्या आनंदात ही 'स्वातंत्र्याची झाडं' लावली, असं गावात सांगतात. गोष्ट छान आहे, पण विश्वस्तांनी झाडांची ऑर्डर 1765 मध्येच दिली होती, कायदा रद्द व्हायच्या आधी. आणि त्याच 1766 च्या ऑगस्टमध्ये, फिन्ली वारल्यावर, त्यांच्या मालमत्तेचा लिलाव या घरापाशी जाहीर झाला. मालमत्तेत दोन बायका, एक पुरुष आणि तीन मुलं होती. घराजवळची पाटी इथे राबलेल्या गुलामांची नावं देते. ती शोधून वाचाच. कॉलेजच्या पहिल्या नऊ अध्यक्षांपैकी प्रत्येकाने आयुष्यात कधी ना कधी गुलाम बाळगले होते, हे विद्यापीठाच्याच पुढाकाराने झालेल्या संशोधनातून 2017 मध्ये लोकांपुढे आलं. पुढे आठवे अध्यक्ष ॲशबेल ग्रीन यांच्या घरात गुलाम म्हणून वाढलेली बेट्सी स्टॉक्टन मुक्त झाल्यावर हवाई बेटांवर शिक्षिका म्हणून गेली आणि परतून प्रिन्सटनमधल्या कृष्णवर्णीय मुलांना शिकवत राहिली. गावात तिच्या कामाचा मान मोठा आहे.

विदरस्पूनचा हिशोब इथे अवघड होतो, आणि फेरीचा सगळ्यात कसदार भागही हाच. स्कॉटलंडमध्ये असताना त्यांनी जेमी माँटगोमेरी नावाच्या गुलाम तरुणाला बाप्तिस्मा दिला. प्रिन्सटनमध्ये दोन मुक्त आफ्रिकी पुरुषांना, ब्रिस्टल यामा आणि जॉन क्वामिनी यांना, शिकवलं. वर्गात ते सांगत की बळजोरीने माणसाचं स्वातंत्र्य हिरावणं अन्याय आहे. पण 1772 मध्ये वर्गणीसाठी छापील आवाहन काढलं ते जमैका आणि वेस्ट इंडिजच्या मळेवाल्यांना उद्देशून: तुमची मुलं आमच्याकडे पाठवा. 1790 मध्ये न्यू जर्सीच्या विधिमंडळात गुलामगिरी संपवण्याचा विषय आला तेव्हा ज्या समितीचे ते प्रमुख होते तिने नव्या कायद्याची गरज नाही असं सांगितलं. आणि ते वारले तेव्हा मालमत्तेच्या यादीत दोन गुलाम होते. वर्गणीचा धागा आणि हा धागा वेगळे काढता येत नाहीत. तिजोरी रिकामी असलेलं कॉलेज ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांच्या दारात जातं, आणि त्या काळी अटलांटिकच्या या बाजूला पैसा साखरेत आणि तंबाखूत होता.

1779 मध्ये विदरस्पूननी हे घर जावई सॅम्युअल स्टॅनहोप स्मिथ यांना दिलं आणि गावाबाहेर आपल्या टस्क्युलम नावाच्या शेतघरी राहायला गेले. भाजीपाल्याचा त्यांना भारी नाद. 'बागेत एकही फूल नाही' असं कोणी म्हणालं तेव्हा 'माझ्या प्रवचनातही नसतात' असं उत्तर दिल्याची गोष्ट सांगितली जाते. टस्क्युलम चेरी हिल रोडवर आहे, पण ते खाजगी घर आहे, फेरीत घालू नका. शेवटची दोन वर्षं पूर्ण अंधत्व. 15 नोव्हेंबर 1794 ला तिथेच गेले.

पुतळा

ईस्ट पाइन इमारतीजवळ, चॅपलच्या बाजूला, उंच चौथऱ्यावर विदरस्पूनचा ब्राँझचा पुतळा आहे. शिल्पकार स्कॉटलंडचे अलेक्झांडर स्टॉडार्ट, 2001. याचाच जोड-पुतळा पेझलीला आहे. कलाकृती म्हणून साधारण: चेहरा इतका वर की भाव कळत नाहीत, गाऊनच्या चुण्या मात्र छान. फोटो हवा असेल तर चॅपलच्या दिशेने मागे जाऊन झूम करा, पायथ्याशी उभं राहून फक्त हनुवटी येते. 2022 मध्ये गुलामगिरीच्या कारणावरून तो हलवावा अशी मागणी झाली. दोन वर्षं खल झाल्यावर विश्वस्तांनी तो जागेवरच ठेवला. स्मशानभूमी आणि पिवळं घर आधी बघितलेलं असलं तर हा वाद दोन्ही बाजूंनी नीट कळतो. पुतळ्यापासून सुरुवात केली तर नुसता एक झगा घातलेला माणूस.

वेळ असेल तर स्टॉक्टन स्ट्रीटवर स्टॉक्टन कुटुंबाचं मॉर्व्हन आहे, तिकीट लावून बघता येतं. लढाईचं मैदान मर्सर रोडवर, नासॉ हॉलपासून अडीच किलोमीटरच्या आसपास. उन्हाळ्यात पायी जाऊ नका, सावली कमी. लहान मुलं बरोबर असतील तर मॉर्व्हन वगळून मैदान घ्या, पळायला जागा आहे. मे महिन्याच्या शेवटी माजी विद्यार्थ्यांचा मेळावा आणि पदवीदान येतं, तेव्हा कॅम्पसवर मांडव आणि गर्दी असते. ते दिवस टाळा. ऑक्टोबरचा दुसरा-तिसरा आठवडा सगळ्यात चांगला. नोव्हेंबरात पानगळीखाली आडव्या समाध्या झाकल्या जातात.

परतताना स्टेशनकडे सरळ न उतरता कॅम्पसच्या दक्षिण भागातून वळसा घेतलात तर 'गोहीन वॉक' नावाची पाऊलवाट लागते. रॉबर्ट गोहीन 1957 ते 1972 या काळात प्रिन्सटनचे सोळावे अध्यक्ष होते, नंतर भारतात अमेरिकेचे राजदूत. जन्म 15 ऑगस्ट 1919, गाव वेंगुर्ले. आईवडील तिथल्या प्रेस्बिटेरियन मिशनमध्ये होते, वडील डॉक्टर. कोकणातले पाहुणे बरोबर असतील तर त्यांचा फोटो वाघांपाशी न काढता या पाटीखाली काढा.